मेट्रोच्या खांबांशेजारून सायकलची वाट : एलबीएस मार्गाचे बॅरिकेड निघण्याआधी बोलूया

सोनापूरकर
रविवार, सकाळी ७:४०

२०२४ साली मे ते सप्टेंबर मुलीकडे राहून आलो. बोस्टनला चिकटून सॉमरव्हिल नावाचं शहर आहे, तिथे. आल्यापासून एक विषय डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतोय. लांबेल, पण पूर्ण वाचा ही विनंती.

नातीला सकाळी पाळणाघरात सोडायचं काम माझ्याकडे होतं. मुलीचं घर मॅगून स्क्वेअर स्टेशनाजवळ. पहिल्या दिवशी जावयाने सांगितलं, रस्त्याने जाऊ नका, रुळांच्या कडेच्या वाटेने जा. घराजवळच्या पुलाखालून एक उतार जातो, तो उतरलो आणि समोर ही वाट. एका बाजूला जाळीचं कुंपण, कुंपणापलीकडे ग्रीन लाइन नावाच्या शहरी रेल्वेची हिरवी गाडी, तिच्याही पलीकडे मोठ्या रेल्वेचे रूळ. दुसऱ्या बाजूला उंच भिंत. गावातले रस्ते सगळे वरून, पुलांवरून जातात. म्हणजे या वाटेवर एकही सिग्नल लागत नाही, एकही मोटार आडवी येत नाही. बाबागाडी ढकलत मी दोन स्टेशनांचं अंतर गेलो आणि हॉर्न एकदाही ऐकला नाही. मागून सायकल आली की घंटी वाजते, "डावीकडून येतोय" म्हणून आवाज येतो, आपण जरा उजवीकडे सरायचं.

तिथे कोण जातं ते मी चार महिने पाहिलं. पुढच्या खोक्यात दोन पोरं बसवून नेणारी आई. कामावर निघालेला बांधकामाचा गडी, हँडलला हेल्मेट अडकवलेला. काठी टेकत चालणाऱ्या एक बाई, रोज त्याच वेळी. ईस्ट सॉमरव्हिल नावाचं स्टेशन आहे, तिथे तर या वाटेवरूनच फलाटावर जाता येतं. सायकल लावली की लगेच गाडी.

थोडा इतिहास. ग्रीन लाइन म्हणजे लाइट रेल, आपल्या जुन्या ट्रामच्या कुळातली. बोस्टनमध्ये ती १८९७ पासून जमिनीखालून धावते. सॉमरव्हिलपर्यंत ती वाढवायचं वचन १९९० चं. शहराच्या पोटातून मोठा महामार्ग न्यायचा होता, त्याने हवा बिघडणार म्हणून पर्यावरणवाद्यांनी तंटा मांडला, आणि भरपाई म्हणून सार्वजनिक वाहतूक वाढवू असं सरकारने लिहून दिलं. गाडी प्रत्यक्ष धावली २०२२ मध्ये. एक फाटा मार्चमध्ये, दुसरा डिसेंबरमध्ये. मिळून साधारण ७ किलोमीटर. सायकलची वाट जून २०२३ मध्ये उघडली, ती सुमारे ३ किलोमीटर. तेवढ्या ३ किलोमीटरने आधीच्या वाटा जोडल्या गेल्या. त्यातली एक जुन्या रेल्वेमार्गावरून बेडफर्डपर्यंत १६ किलोमीटर जाते.

मी ३४ वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढली. त्यामुळे मला सगळ्यात जास्त भावलं ते असं की ही वाट रेल्वेच्याच नकाशात होती आणि रेल्वेच्याच कंत्राटात बांधली गेली. भिंत एकच, गटार एकच, खोदाई एकदाच.

आता भांडुप. मेट्रो ४ वडाळ्याहून कासारवडवलीला जाते आहे, ३२ किलोमीटरच्या वर. तिचा मोठा पट्टा घाटकोपर ते मुलुंड एलबीएस (लालबहादूर शास्त्री) मार्गावरून आहे. काम २०१८ पासून बघतोय. बॅरिकेड निघतील तेव्हा हा रस्ता पुन्हा आखावाच लागणार: दुभाजक नवा, कडेचं गटार नवं, फुटपाथ नवा. त्या आखणीत सायकलची रेघ पडली तर पडली. एकदा डांबर पडून पार्किंग सुरू झालं की पुढची तीस वर्षं कोणी हात लावणार नाही.

माझे वडील या रस्त्याला शेवटपर्यंत आग्रा रोडच म्हणायचे. ते याच रस्त्यावरच्या कारखान्यात सायकलने जात. १९७० च्या आसपासची गोष्ट. भोंगा झाला की गेटातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे, आणि मी नाक्यावर उभा राहून त्यात वडिलांची सायकल शोधायचो. कॅरियरला पितळी डबा बांधलेला असे, त्यावरून ओळखायची. या रस्त्याला सायकल नवी नाही. तिला तिची जागा परत मिळावी एवढंच माझं म्हणणं.

एस आणि टी वॉर्डातले, म्हणजे भांडुप-मुलुंडचे, कोणी इथे असतील तर लिहा. मला काहीतरी करायचं आहे.


मुलुंडकरीण
रविवार, सकाळी ९:१५

काका, लिहिलंय सुंदर, नातीचं तर डोळ्यासमोर आलं. पण मी विरोधात बोलणार आहे, राग मानू नका.

माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तिला घरापासून नाक्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत जायला रस्त्यावर उतरावं लागतं, कारण फुटपाथ अर्धा खोदलेला आणि उरलेल्या अर्ध्यावर बाइक लावलेल्या. या रस्त्यावर चालणारी माणसं सायकलवाल्यांच्या कितीतरी पट आहेत. जागा उरली तर आधी ती त्यांना द्या. सायकल ट्रॅकचा रंग मारला की वर्तमानपत्रात फोटो येतो आणि फुटपाथ तसाच राहतो, हे मी दोनदा पाहिलंय. आमच्या सोसायटीसमोर फुटपाथचाच एक पट्टा रंगवून त्याला ट्रॅक म्हटलं होतं. चालणारे आणि सायकलवाले दोघंही एकमेकांवर चिडायचे.


कुर्ला_पश्चिम
रविवार, सकाळी १०:०२

मुलुंडकरीण यांच्याशी बराचसा सहमत. मुंबईत सायकलच्या वाटेचं काय काय झालं ते एकदा मांडतो.

बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) : एमएमआरडीएने, म्हणजे मेट्रो बांधणाऱ्या प्राधिकरणानेच, १३-१४ वर्षांपूर्वी ट्रॅक बांधला. त्यावर गाड्या लागल्या, टपऱ्या आल्या. २०२५ मध्ये तो काढून गाड्यांना जास्त लेन द्यायचं ठरलं.

पवई : तलावाच्या काठाने ट्रॅक करायला घेतला. पाणथळ जागेत भराव होतोय म्हणून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. ६ मे २०२२ ला न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवलं आणि केलेलं बांधकाम काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं. मी स्वतः सायकल चालवतो, तरी मला तो निकाल योग्यच वाटला. मगरी आणि पाणपक्ष्यांच्या घरातून माझी सायकल जायला नको.

तानसा : हे मला सगळ्यात जास्त लागलेलं. मुलुंडपासून धारावीकडे जलवाहिन्यांच्या कडेने ३९ किलोमीटरचा ट्रॅक, 'हरित वारी जलतीरी' असं गोड नाव. जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर मोकळं करायचा न्यायालयाचा आदेश होता, पाण्याच्या सुरक्षिततेसाठी. तो आदेश मला समजतो. पण तिथून उठवलेल्या कित्येक कुटुंबांना माहूलला पाठवलं, रिफायनऱ्यांच्या शेजारी. त्यांनी विद्याविहारला जलवाहिनीजवळ रस्त्यावर बसून किती महिने काढले ते आम्ही जाता-येता बघितलंय. माझ्या शाळेतला एक मित्र त्यात होता. त्याच्या आईचा दमा माहूलला वाढला. त्या पट्ट्यावरून सायकल चालवायला माझं मन आजही धजत नाही.

म्हणून माझा प्रश्न एकच, सोनापूरकर काका. तुमच्या वाटेसाठी कोणाला उठवावं लागणार?


सोनापूरकर
रविवार, सकाळी १०:५०

कुर्ला_पश्चिम, प्रश्न अगदी बरोबर ठिकाणी लागला. कोणालाही उठवावं लागू नये, हीच माझी अट आहे. म्हणून तर मी जलवाहिनी किंवा तलाव म्हणत नाही, एलबीएस मार्ग म्हणतोय. तिथे जी जागा मी मागतोय ती आज बॅरिकेडच्या आत आहे. तिच्यात कोणाचं घर नाही, दुकान नाही. बॅरिकेड निघाले की ती मोटारींना जाणार आहे.

मुलुंडकरीण, राग कसला. आईंना आधी चालता आलंच पाहिजे. सॉमरव्हिलची वाट चालणाऱ्यांची आणि सायकलींची एकत्र आहे, पण तिथली गर्दी आणि भांडुप स्टेशन रोडची संध्याकाळची गर्दी यांची तुलनाच नाही. आपल्याकडे दोन्ही वेगळे हवेत.


पॅरापेट
रविवार, दुपारी २:३०

मी सिव्हिलमधला. रस्ते आणि पुलांच्या कामावर २२ वर्षं आहे, या प्रकल्पावर नाही. त्यामुळे मोकळेपणाने लिहू शकतो.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण तो प्रत्येक चर्चेत येतो. मेट्रोचे खांब मधे आहेत, वर छप्पर आयतं आहे, मग दुभाजकातूनच ट्रॅक काढा, पावसात भिजायला नको. कागदावर छान दिसतं. पण व्हायाडक्टवरचं, म्हणजे मेट्रोच्या उंच पुलावरचं, पाणी खांबातल्या पाइपातून खालीच उतरतं, जोराच्या पावसात खांबाच्या बुडाशी तळं होतं. त्याहून मोठी अडचण नाक्यांची. दुभाजकातून येणारा सायकलवाला सिग्नलला नेमका उजवीकडे वळणाऱ्या ट्रकच्या तोंडाशी येतो. आणि तो जाणार कुठे? दुकान, शाळा, गल्ली, सगळं कडेला. प्रत्येक वेळी अर्धा एलबीएस ओलांडायचा. सॉमरव्हिलला जमलं कारण रेल्वेचा मार्ग खाली खणलेला आहे आणि आडवे रस्ते वरून जातात. आपला मार्ग उलटा आहे, गाडी वर आणि नाके खाली. त्यामुळे वाट कडेनेच हवी: फुटपाथला लागून, फुटपाथपेक्षा थोडी खाली, रस्त्यापेक्षा थोडी वर. दोन्हीकडून कडेचा दगड.

आता बारीक गोष्टी, ज्यांच्यामुळे आपल्याकडचे ट्रॅक मरतात.

गटाराच्या जाळ्या. सळया रस्त्याच्या दिशेने उभ्या असतील तर सायकलचं चाक त्यात अडकतं. आडव्या हव्यात. यात एक पैसा जास्त लागत नाही, फक्त ड्रॉइंगवर लिहावं लागतं.

चेंबरची झाकणं. पाणी, वीज, केबल, गॅस, सगळ्यांची झाकणं नेमकी कडेच्या दीड-दोन मीटरमध्ये येतात. डांबराचा नवा थर पडला की झाकण खाली राहतं आणि तिथे खड्डा होतो. ट्रॅक नकाशात असेल तर झाकणं सुरुवातीपासून बाजूला घेता येतात. सोनापूरकर म्हणतात तसं, नंतर नाही.

रंग. पूर्ण पट्टा हिरवा रंगवायचा मोह टाळावा. साधा रंग पावसात शेवाळासारखा घसरतो. मी एका कामावर स्वतः पाय घसरून पडलोय, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. साधं डांबर ठेवा, नाक्यांवर खरखरीत मटेरियलचे पट्टे द्या. पेव्हर ब्लॉक तर नकोतच. दोन पावसाळ्यांत ते वर-खाली होतात आणि सायकल दातासारखी वाजते.

बसस्टॉप. ट्रॅक स्टॉपच्या मागून न्यायचा. पुढून नेला की बस आली की सायकलवाला बस आणि प्रवासी यांच्यात सापडतो.

या सगळ्यासाठी आयआरसीची (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) स्वतंत्र पुस्तिका आहे, आयआरसी ११, २०१५ मध्ये सुधारलेली. म्हणजे नियम नाहीत असं कोणी म्हणू शकत नाही.


विक्रोळी_कन्नमवार
रविवार, दुपारी ३:१०

वाचतोय. स्टेशनला सायकल लावायला पहारा असलेली जागा नसेल तर बाकी सगळं वाया. माझी कुलपासकट गेली. पोलिसांत गेलो तर बिल मागितलं. सायकल वडिलांची, १९८८ ची, बिल कुठून आणू.


लादीपाव
रविवार, रात्री १०:४५

दिवसभर मोबाइलवर वाचत होतो, लिहू का नको असं चाललं होतं. माझे वडील पाववाले. भांडुपच्या एका बेकरीतून पाव उचलतात आणि टेंभीपाड्यापासून वरच्या चाळींपर्यंत देतात. ३१ वर्षं झाली. वय ५८.

वर सगळे सायकलवाला म्हणतायत तेव्हा प्रत्येकाच्या डोळ्यासमोर वेगळा माणूस असणार. माझ्या डोळ्यासमोर वडील आहेत, म्हणून त्यांची सायकल कशी आहे ते सांगतो.

काळी, मोठ्या चाकाची, साधी. मागे कॅरियरवर लाकडी पाट, पाटावर टोपला, टोपल्यावर निळं प्लॅस्टिक. पहाटे साडेचारला बेकरीत पाव गरम असतो, प्लॅस्टिक लगेच बांधलं तर घाम सुटून पाव चिकट होतो, म्हणून थोडं उघडं ठेवून निघायचं. पाऊस असेल तर बांधायलाच लागतं. भरलेली सायकल स्टँडवरून काढताना पुढचं चाक उचलतं, म्हणून हँडल दाबून धरायचं आणि एका झटक्यात पुढे घ्यायचं. मी कॉलेजात असताना सुट्टीत गेलोय, मला ते नीट कधीच जमलं नाही. एकदा एलबीएसवर टोपला कलंडला आणि पाव रस्त्यावर. वडील ओरडले नाहीत. खाली बसून एक-एक लादी उचलून बाजूला ठेवत होते, खराब झालेली वेगळी, चांगली वेगळी, आणि मागून डंपर हॉर्न वाजवत होता. तो हॉर्न अजून कानात आहे.

एलबीएसवर काम सुरू झाल्यापासून बॅरिकेड आणि रिक्षा यांच्यात जेवढी फट असते तेवढ्यातून ते जातात. तीनदा पडले. एकदा मनगट मोडलं, सहा आठवडे पाव मी आणि भावाने टाकला.

त्यांच्यासारखे किती आहेत ते पहाटे बाहेर पडून बघा. पाववाले, दूधवाले, पेपरवाली पोरं. सातनंतर इडलीवाला अण्णा, डोक्यामागे भलं मोठं पातेलं. दहाला गॅस सिलिंडरवाले. स्टेशनच्या बाहेर डबेवाले. रात्री उशिरा चहावाले, सायकललाच थर्मास अडकवलेले. हे सगळे आजच सायकलवर आहेत. ट्रॅक झाला म्हणून ते सायकल घेणार नाहीत, त्यांच्याकडे आहेच.

आता मुद्दा. एका ट्रॅकवर मी वडिलांना घेऊन गेलो होतो, मुद्दाम दाखवायला. बाइकवाले घुसू नयेत म्हणून तोंडाशी लोखंडी खांब लावले होते. वडिलांचा टोपला त्यातून जाईना. ते म्हणाले, "हे आपल्यासाठी नाय," आणि सायकल वळवून परत रस्त्यावर. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. ज्याने ते खांब लावले त्याच्या मनात हँडल होतं, टोपला नव्हता.


मुलुंडकरीण
रविवार, रात्री ११:२०

लादीपाव, झोपायला चालले होते, तुमचं वाचून परत बसले.

आमच्याकडेही पाव सायकलवरच येतो. इतकी वर्षं भोंग्याचा पों पों ऐकून गॅलरीतून पिशवी खाली सोडते. तो कुठल्या रस्त्याने येतो याचा विचार मनात आला नव्हता. मी सकाळी जे लिहिलं त्यातलं फुटपाथचं मागे घेत नाही. पण सायकल म्हणजे रविवारी हेल्मेट घालून निघणारे, असं धरून लिहिलं होतं, ते मागे घेते.


रात्रपाळी
सोमवार, पहाटे ५:५०

ड्यूटीवरून लिहितेय. मी नर्स. भांडुपहून मुलुंडला सायकलने येते, दीड वर्षापासून. रात्रपाळीला साडेनऊला निघते, सकाळी आठला परत. शेअर रिक्षात मांडीला मांडी लावून बसायचा त्रास नको म्हणून सुरुवात केली. आता सवय झाली, आणि खरं सांगू, ड्यूटीनंतर त्या वीस मिनिटांत डोकं रिकामं होतं. घरी मुलाशी नीट बोलता येतं.

माझी एकच मागणी. दिवे. मेट्रोच्या खांबांमुळे मधले दिवे काही ठिकाणी गेलेत, कडेला काळोख. बायकांना काळोखातला वेगळा ट्रॅक नको आहे. रस्त्यावर निदान माणसं तरी असतात. वेगळी वाट, एका बाजूला कुंपण, दुसऱ्या बाजूला बंद गोदामाची भिंत, आणि दिवा नाही, अशा वाटेवर मी रात्री साडेनऊला जाणार नाही, ती कितीही सुंदर असली तरी. काका, तुमच्या तिकडच्या वाटेवर भिंत आणि कुंपण आहे म्हणालात. तिथे बायका रात्री जातात का?


सोनापूरकर
सोमवार, सकाळी ८:३०

रात्रपाळी, आधी तुम्हाला नमस्कार. मी तुमचा प्रश्न वाचून मुलीला फोन लावला. ती म्हणाली, वाटेवर पूर्णवेळ दिवे आहेत आणि नऊ-दहापर्यंत ती स्वतः सायकलने येते, त्यानंतर मात्र तीही वरच्या रस्त्याने येते. तिच्या मते दर थोड्या अंतरावर वाटेतून वर रस्त्यावर जायला उतार-जिने आहेत, त्याचा आधार वाटतो. म्हणजे अडकलो असं होत नाही. कडेने केलेल्या आपल्या वाटेवर ही अडचण कमी असेल, कारण फुटपाथ आणि दुकानं शेजारीच. पण गोदामांचा आणि बंद कारखान्यांचा जो पट्टा आहे तिथे दिव्यांचा मुद्दा अर्जात पहिला लिहिणार.

लादीपाव, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. टेंभीपाडा म्हणजे मी त्यांना नक्की पाहिलं असणार.

आता कुर्ला_पश्चिम यांच्या यादीवर. आपल्याकडचं सगळं बिघडतं आणि तिकडचं आपोआप चांगलं होतं असं नाही, म्हणून तिथली पडझडही सांगतो. २०१५ मध्ये ग्रीन लाइनचा खर्च हाताबाहेर गेला. ऑगस्टमध्ये आकडे आले, डिसेंबरमध्ये कंत्राटं रद्द. प्रकल्पच गुंडाळायची भाषा सुरू झाली. पुढच्या वर्षी नवा आराखडा आला, त्यात स्टेशनं साधी केली आणि सायकलच्या वाटेलाही कात्री लागली. सॉमरव्हिलने ५ कोटी डॉलर आणि शेजारच्या केंब्रिज शहराने अडीच कोटी डॉलर आपल्या तिजोरीतून द्यायचं कबूल केलं, गाडी यावी म्हणून. वाटेसाठी झटणारे लोक २००१ पासून मागे लागले होते, ते प्रत्येक सभेला जाऊन बसत राहिले. २०१७ मध्ये पुन्हा निविदा निघाली तेव्हा वाट कंत्राटात परत आली. मुलीच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात, ते त्या सभांना जायचे. मी विचारलं, तिथे काय बोलायचात? म्हणाले, दरवेळी तेच: नकाशा काढा आणि त्यात वाट कुठे आहे ते बोटाने दाखवा.

गाडी सुरू झाल्यावरही एक घोळ झालाच. २०२३ मध्ये लक्षात आलं की नव्या मार्गावर बऱ्याच ठिकाणी रुळांमधलं अंतर ठरल्यापेक्षा कमी आहे, गाड्या हळू चालवाव्या लागल्या, रूळ दुरुस्त करावे लागले. तिथेही चुका होतात.


पॅरापेट
सोमवार, दुपारी १:१५

"बोटाने दाखवा" हे फार उपयोगी वाक्य आहे. मी असतो तर अर्ज असा करीन.

पत्र दोन ठिकाणी. काम चालू असेपर्यंत रस्ता एमएमआरडीएकडे, नंतर महापालिकेकडे परत. मधल्या काळात दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात, म्हणून एकच पत्र दोघांना, दोन्हींचा पत्ता वरच. प्रती एस, टी आणि एन वॉर्डांना.

मागणी साधी: घाटकोपर ते मुलुंड पट्ट्यात बॅरिकेड काढल्यानंतरच्या रस्त्याचा आडवा छेद दाखवा. आडवा छेद म्हणजे रस्ता पाव कापल्यासारखा कापून बाजूने दाखवलेलं चित्र: फुटपाथ किती, गटार किती, गाड्यांना किती, दुभाजक किती. तो माहितीच्या अधिकारातही मागता येतो. त्यात सायकल नसेल तर मग आपण बोलायचं.

आधार : केंद्राचं मेट्रो रेल धोरण, २०१७. त्यात मेट्रोच्या प्रकल्पात स्टेशनपर्यंत पोचायची सोय, म्हणजे पायवाटा, सायकलच्या वाटा आणि जोडबस यांचा विचार करणं बंधनकारक आहे आणि स्टेशनाच्या दोन्ही बाजूंना पाच किलोमीटरचा परिसर धरलेला आहे. म्हणजे आपण मेहेरबानी मागत नाही.

आणखी एक. मेट्रो २ए आणि ७ च्या गाड्यांमध्ये सायकल घेऊन चढायची सोय आहे. ४ वरही ती असावी आणि लिफ्ट एवढी मोठी असावी की सायकल आडवी न करता मावेल, हे लिहा.


कुर्ला_पश्चिम
सोमवार, दुपारी २:००

सही करायला मी आहे. एक ओळ माझी घाला: या वाटेसाठी एकही घर, एकही टपरी हलवली जाणार नाही आणि एकही झाड तोडलं जाणार नाही. ही ओळ नसेल तर माझी सही नको.


सोनापूरकर
सोमवार, दुपारी २:२०

तुमची ओळ पहिल्या परिच्छेदात.

येत्या रविवारी सकाळी सहाला भांडुप स्टेशन पश्चिमेला भेटूया का? एलबीएसला निघून मुलुंडपर्यंत चालत जाऊ. मी ५० मीटरची टेप आणि वही आणतो. जिथे जाळी उभ्या सळयांची, जिथे दिवा नाही, जिथे झाकण खचलेलं, ते सगळं टिपायचं. मुलुंडकरीण, फुटपाथ कुठे तुटतो ती यादी तुमच्याकडे.


मुलुंडकरीण
सोमवार, दुपारी २:३५

येते. आईलाही विचारलं, ती म्हणाली शेवटच्या नाक्यावर खुर्ची टाकून बसते, तिथून पुढे तुमचं तुम्ही मोजा.


रात्रपाळी
सोमवार, संध्याकाळी ६:१०

रविवारी ड्यूटी सुटेल आठला. मी उलट बाजूने, मुलुंडहून येईन. अंधाऱ्या जागा मी आज रात्री जातानाच लिहून ठेवते, सकाळी उजेडात त्या कळणार नाहीत.


लादीपाव
मंगळवार, पहाटे ५:०५

रविवारी वडील येऊ शकत नाहीत, पावाची वेळ. मी येतो.

पण आज बेकरीत गेलो होतो त्यांच्याबरोबर. टोपला भरल्यावर, निळं प्लॅस्टिक बांधल्यावर, शिंप्याच्या टेपने मोजलं. वडील विचारत होते कशाला मोजतोस, पाव काय कपडा आहे का. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३ फूट २ इंच. शेजारच्या दूधवाल्याच्या बरण्यांसकट २ फूट १० इंच. इडलीवाल्याचं अजून मोजायचं आहे, तो सातला भेटतो.

पॅरापेट दादा, वाटेच्या तोंडाशी खांब लावायचेच असतील तर दोन खांबांत हा ३ फूट २ इंचाचा टोपला दोन्हीकडे हातभर मोकळा जायला हवा. अर्जात हा आकडा लिहा.